सरांचं ‘हं’

“आता सगळंच ओत खड्ड्यात. प्यायचं राहिलं नाही ते.”

सर ओरडून बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच बोलले, माझ्याकडं न बघता. माझ्या कडेवर स्टाफरूमचा भरलेला माठ होता. त्या दुष्काळात नांदेडचे नळ कोरडे पडलेले, आणि मी माठभर प्यायचं पाणी घेऊन उन्हात उभी होते.

झालं काय, ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत पोलॅरोग्राफ होता. पाण्यात कोणते धातू विरघळलेत ते दाखवणारं यंत्र. त्याला रेकॉर्डर जोडलेला. कागद सरकायचा, पेन रेघ काढायचं. पण दोन्ही एकदम सुरू करणारी वायर आमच्याकडं नव्हती. मग पोलॅरोग्राफच्या बटणावर सरांचं बोट, रेकॉर्डरच्या बटणावर माझं. सर म्हणायचे, “हं!” दोन्ही बोटं एकदमच पडायची. जरा मागंपुढं झालं की आलेख चुकला, मेहनत पाण्यात. सर म्हणायचे, “पोरी, तुझ्यासारखा हात कुणाचाच पडत नाही गं.” माझा बाप लहानपणीच गेलेला. खोटं कशाला बोलू, मी सरांनाच बाप समजून बसले होते. माझं एम.फिल. त्यांच्या हातात होतं, जीव बी त्यांच्यावरच होता.

तपासायचं पाणी माझ्याच गावचं. लातूरकडच्या मुरुडला आमच्या बौद्धवाड्यात हापसा आहे, त्याचं. सर ते काचेच्या नळीनं तोंडानं ओढायचे. आमचं पाणी त्यांच्या ओठाच्या बोटभर खाली यायचं. तेव्हा कुणाला काही बाटत नव्हतं.

त्या दिवशी पेन थरथरायला लागलं. रेघ न्हाईच, नुसतं काटेरी झुडूप. सर म्हणाले, “अर्थिंगचा खड्डा वाळलाय, यंत्राची वीज जमिनीत उतरेना. जा, कुठनं तरी पाणी आणून टाक त्यात.” कुठनं तरी, म्हणाले. मी पळाले. टाकी रिकामी. स्टाफरूममध्ये माठ दिसला. तांब्याभर घ्यावं म्हणून झाकण काढलं, तोच शिपाई बोंबलला, “ओ सर! माठाला शिवली की ही!”

सर आले. माठ मलाच उचलायला लावला. खड्ड्यापाशी न्यायला लावला. वर म्हणाले, “माझं काही नाही गं. मी असलं मानत नाही. पण बाकीच्यांना चालत नाही, समजून घे.”

समजून घे! शिपायानं शिवी दिली असती तर दुप्पट परत केली असती. सरांना काय परत करू? काळीज फाटलं माझं.

ओतलं. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यानं गटागटा पिऊन टाकलं. गावाकडं माय एका घागरीसाठी विहिरीवर ताटकळत बसून राहिली होती, आणि मी इथं माठ मातीत घालत होते. रडले. लई रडले. रिकामा माठ शिपायानं भिंतीवर आपटून फोडला.

डोळे पुसून आत आले. पेन शांत झालेलं. रेघ सरळ. सर खूश. काही झालंच नाही अशा तोंडानं त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

“चल. हं!”

माझं बोट बटणावर होतं. पडलं न्हाई.

पोलॅरोग्राफ सुरू झाला. यंत्राच्या नळीतले पाऱ्याचे थेंब आमच्या हापशाच्या पाण्यात पडायला लागले. कागद हालला नाही. पेन एकाच जागी खरवडत राहिलं.

“अगं, हं म्हणालो ना!”

“ऐकलं, सर. बाकीच्यांचं कळलं. तुम्हाला चालतं का, तेवढं त्या शिपायासमोर सांगा. मग दाबते.”

शिपाई दारातच उभा होता. सरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता. मी वाट बघत होते, अजूनबी लेकरासारखी.

“नवा जिल्हा झालाय ना तुमचा लातूर,” सर म्हणाले. “तिकडंच बघ मग नोकरी. इथं असला ताठा चालायचा नाही.”

मी आमच्या हापशाच्या पाण्याची बाटली उचलली आणि निघाले.

एम.फिल. राहिलं ते राहिलंच. सरांची आठवण अजून येते. त्यांच्याइतकी माया मला कुणी लावली नाही, आणि त्यांच्याइतकं खोल कुणी मारलं बी नाही. शिवी देणारा मला कळतो, त्याच्याशी भांडता येतं. पण ‘माझं काही नाही’ म्हणत माझ्याच हातानं मी शिवलेलं पाणी मातीत ओतायला लावणारा माणूस बाप असला तरी त्याच्या ‘हं’वर हे बोट पडणार न्हाई. मरेस्तोवर न्हाई.