माईंच्या वडिलांचा रस्ता: दिमापूर ते कोहिमा

"गुडघे माझे आहेत, तिकीटही माझ्या पेन्शनचं आहे. तू फक्त विमानतळावर सोड," असं माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, त्यांच्या मुलाला ऐकवलं आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या घरातला वाद तिथेच संपला. माई एक्याऐंशीच्या, निवृत्त परिचारिका. त्यांना कोहिम्याला जायचं होतं आणि सोबतीला मी.

माईंचं माहेर खडकवासल्याच्या बाजूचं. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. चुलते बोटीने इटलीच्या आघाडीवर गेले. वडील लष्करी ट्रक चालवायचे, ते आगगाडीने पूर्वेला गेले. चुलते परत आले आणि त्यांनी माईंना वाढवलं. वडील कोहिम्याच्या लढाईत मारले गेले, तेव्हा माई आईच्या पोटात होत्या.

मी शाळेत इतिहास शिकवते. दोस्त राष्ट्रं इतक्या आघाड्यांवर एकाच वेळी कशी लढली, हे फळ्यावर बाण काढून सांगते. पण त्यातल्या दोन बाणांवर आमच्याच घरातले दोन सख्खे भाऊ होते, हे मला लग्नानंतर कळलं.

जाणार असाल तर नोव्हेंबर उत्तम. डिसेंबर लागला की तिथल्या उत्सवामुळे खोल्या मिळत नाहीत. नागालँडमध्ये शिरायला लागणारा परवाना घरबसल्या ऑनलाइन काढता येतो. आम्ही पुण्याहून कोलकाता आणि तिथून दिमापूर असं विमानाने गेलो. पुढे कोहिम्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळते, पण सोबत वयस्कर माणूस असेल तर पूर्ण गाडीच करा.

दिमापूर सोडल्यावर थोड्याच वेळात डोंगर सुरू झाला आणि गाड्यांची रांग लागली. पुढे दरड आली होती. ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, वापस चलते हैं. कल देखेंगे."

"रस्ता पूर्ण बंद आहे का?" माईंनी मला विचारायला लावलं.

एक बाजू मोकळी करत होते, पण वेळ लागणार होता.

"मग थांबू. याच रस्त्याने आबा दारूगोळा न्यायचे. मी नुसती बसून तर जातेय."

आम्ही थांबलो. टपरीवरचा काळा चहा, उकडलेली अंडी आणि पुण्याहून नेलेली चटणी यांवर दुपार काढली. वेळ होता म्हणून, वाचलेली एक गोष्ट मी माईंना सांगितली. जपान्यांनी कोहिम्यापलीकडच्या इंफाळची वाट तोडली तेव्हा तिकडच्या सैन्याला विमानांतून रसद टाकावी लागली. विमानं पुरेनात, म्हणून काही भूमध्य समुद्राकडच्या आघाडीवरून मागवली होती.

माईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे काकांच्या तिकडची विमानं आबांच्या इकडे आली."

"हो."

"काकांना हे माहीत असतं, तर बरं झालं असतं. आपण वाचलो, ह्याचा त्यांना आयुष्यभर त्रास झाला."

संध्याकाळी कोहिम्यात पोहोचलो. आमच्या होमस्टेच्या मालकीणबाई नेइनुओ, साठीच्या, हिंदी चांगलं बोलणाऱ्या. जेवायला गरम भात, उकडलेल्या भाज्या, धुरावलेलं मांस आणि राजा मिरचीची चटणी. ती चटणी जपून घ्या. कशासाठी आलो ते मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लढाई झाली तेव्हा माझी आई लहान होती. सगळे जंगलात पळाले. परत आले तर घर नव्हतं. लढाई कुणाची, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या अंगणात येऊन लढले."

मी अवघडले. माई म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या माणसालाही कुणी विचारलं नव्हतं." मी हिंदीत सांगितलं. नेइनुओंनी माईंच्या ताटात आणखी भात वाढला.

सकाळी त्या स्वतःहून आमच्याबरोबर निघाल्या. युद्धस्मारक शहराच्या मध्यावरच्या टेकडीवर आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. खालच्या उतारांवर कबरींच्या रांगा आहेत. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांची नावं मात्र सगळ्यात वर. माई दोन-तीनदा मधेच बसल्या. मी म्हटलं, "इथूनच नमस्कार करू या का?" त्यांनी नेइनुओंपुढे हात केला. त्यांच्या आधाराने वर गेल्या.

माईंच्या वडिलांचं नाव मीच शोधलं. रामचंद्र. माईंनी त्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि मी कधी न ऐकलेल्या, त्यांच्या लहानपणीच्या बोलीत त्या बोलू लागल्या. "आबा, मी आलेय. तुमची लेक हाय. आई म्हातारी होऊन गेली, हाल नाय झाले तिचे. काकांनी मला शिकवलं. मी दवाखान्यात नोकरी केली." असं एकेक सांगत राहिल्या, आबांचा जावई, नातवंडं, सगळं. नेइनुओंना शब्द कळत नव्हते, तरी त्या मान खाली घालून शेजारी उभ्या होत्या.

परतल्यावर नववीच्या वर्गात तोच धडा आला. बाण मी याही वेळी काढले. पण कोहिम्यापाशी थांबून आधी नेइनुओंच्या आईच्या घराबद्दल सांगितलं. यापुढे तेवढं सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी ठरवलं आहे.

आणि माई? शेजारचे एक गृहस्थ भेटायला आले होते. म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन नावच पाहिलंत ना? फोटो मागवला असता तर?"

"आला असता," माई म्हणाल्या. "पण फोटोशी मला इतकं बोलता आलं नसतं."