शेवयांच्या मशीनसाठी बोरी अरब ते पांढरकवडा

सुनंदावहिनींचा फोन आला, “ताई, तुम्हाले सायबांशी बोलता येते. एक चक्कर माराल काय?” आणि मी नागपूरहून बोरी अरबला माहेरी पोचले. वहिनींना शेवयांची मशीन घ्यायची होती. कापसाला भाव नाही म्हणून दादा घरात गप्प बसून असायचा. लहान उद्योगाला सरकारी अनुदान मिळतं, हे वहिनींनी पेपरात वाचलं होतं. होळीनंतर शेवयांचा हंगाम. मशीन त्याआधी आली नाही तर वर्ष वाया.

सोमवारी सकाळच्या एसटीनं तासाभरात यवतमाळ. स्टँडजवळ तर्री-पोहे खाऊन घ्या, कारण अनुदानाच्या ऑफिसात शिरल्यावर जेवणाचं काही खरं नाही. तिथले बाबू साडेअकराला आले आणि वहिनींच्या अर्जाची फाईल न उघडताच म्हणाले, “बँकेचं संमतिपत्र आणा.”

बँक पंधरा मिनिटांच्या चालीवर. मॅनेजर म्हणाले, “आधी अनुदान मंजुरीचं पत्र आणा, मग कर्जाचं बघू.”

आम्ही परत बाबूंकडे, परत मॅनेजरकडे. तिसऱ्या फेरीला माझा आवाज चढला तेव्हा बाबू म्हणाले, “प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट जोडलं तर बँक ऐकते. उद्या पांढरकवड्याला शिबिर आहे.”

“हे सकाळी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाही, मॅडम.”

मुक्काम मावसबहिणीकडे केला. मंगळवारी पांढरकवड्याची एसटी. दोन तास म्हणतात, आम्हाला तीन लागले, त्यातही अर्धा रस्ता उभ्यानं. दोन्ही बाजूंना शेतांत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. वहिनी खिडकीबाहेर बघत नव्हत्या.

शिबिर एका शाळेत होतं. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं नाव-गाव लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, “घरात आत्महत्या कोणाची?”

वहिनींना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, “कोणाची नाही जी. माया नवरा हाय.”

“मग यात तुमचं नाव बसत नाही. हे आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या पॅकेजमधलं शिबिर आहे.”

“तो असतानी काहून नाही देत जी मशीन?”

त्या माणसानं पेन खाली ठेवलं. त्यानं आम्हाला पाणी आणून दिलं, खुर्च्या दिल्या. भांडायच्या तयारीनं आलेली मी, पाणी पिऊन खुर्चीवर बसले.

शेजारी केळापूरजवळच्या तांड्यावरची कमला बसली होती, तिशीही न गाठलेली. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला. ती सगळं ऐकत होती. “मले तर मशीन मागच्याच साली भेटली, शेवयाचीच,” ती म्हणाली. “शिकवून राह्यले आता.”

“मग चालवत नाही काय?” वहिनींनी विचारलं.

“तांड्यावर लाइन कुठं राह्यते? सकाळी जाते ते रातीच येते. पोत्यात बांधून ठेवली.”

“आमच्या घराले दुपारी लाइन असते,” वहिनी हळूच म्हणाल्या. “मशीन तुयी, जागा मायी. तू बी ये, हंगामभर आमच्याकडेच राह्य. येतं ते अर्धं-अर्धं.”

कमलानं लगेच हो म्हटलं नाही. सासऱ्याला विचारते म्हणाली. वहिनींनी घराचा पत्ता तिच्या वहीत लिहून दिला. परतीच्या एसटीत मी बाबू, मॅनेजर, सरकार सगळ्यांना शिव्या घालत होते. वहिनी तेवढ्यात झोपल्या होत्या.

आठवड्यानं कमला सासऱ्यासोबत टेम्पोत मशीन घालून बोरीला आली.

“अनुदान मिळालं का?” असं मला बरेच जण विचारतात. नाही मिळालं. फाईल यवतमाळलाच आहे. जाणार असाल तर बँक आणि ऑफिस दोन्हीकडून काय हवं ते पहिल्याच दिवशी लिहून मागा. तेवढंच मी शिकले.

होळीनंतर मी गेले तेव्हा अंगणात बाया रव्याचे डबे घेऊन बसल्या होत्या. कमला मशीनवर, वहिनी पीठ भिजवत. दादा बाजांवर शेवया वाळत घालत होता, कोणाच्या कोणत्या ते विसरत होता आणि दोघींची बोलणी खात होता.