वामनचं अर्धं शिवलेलं पुस्तक

वामनच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी कोणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. "काकाजी, बाबा गेले जी," एवढंच ती म्हणाली. मशीन चालूच होती. कागद बाहेर पडत राहिले आणि मी नुसता उभा...

लाखनीत हायवेला लागून आमची दोन दुकानं, मध्ये एक भिंत. माझं झेरॉक्सचं, त्याचं बाइंडिंगचं. शाळा-कॉलेजची पुस्तकं, जुन्या पोथ्या तो हातानं शिवायचा. ट्रक आला की त्याचा टेबल हादरे. सुई तशीच धरून तो थांबे, आणि ट्रक गेला की टाका घेई. बोलण्यातही त्याची हीच रीत. अर्ध्या वाक्यात थांबून, मग सावकाश पुरं करायचा.

मागच्या हिवाळ्यात सानगडीच्या शालूताई त्याच्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलाच्या बांधीत बाया म्हणतात ती गाणी त्यांच्या मायनं आयुष्यभर लिहून ठेवली होती. कॅलेंडरच्या पाठीवर, लग्नपत्रिकांवर, वहीच्या पानांवर, जे हाती लागलं त्यावर. मायला आता दिसत नव्हतं, माणसंही ओळखू येत नव्हती. "भाऊ, याचं पुस्तक करून द्या," शालूताई म्हणाल्या. "ती हाय तवरिक तिच्या हातात द्याचं हाय."

वामननं एकेक पान उजेडात धरून पाहिलं. अक्षरं पार काठापर्यंत गेलेली. शिवायला जागाच नव्हती. पातळ खळ लागली असती तर शाई फुटली असती.

"नागपूरले देऊन टाक ना मशीनवर," मी म्हटलं.

"मशीन चारी बाजू कापते गा. त्या बाईचे शब्द कापाचे का?"

मग प्रत्येक पानाच्या काठाला मागून, बाहेर येईल अशी पातळ कागदाची पट्टी घट्ट खळीनं जोडायची आणि शिलाई त्या पट्टीतून घ्यायची, असं त्यानं ठरवलं. लग्नपत्रिका जाड, तर वहीचं पान बोटात चुरणारं. एकाला ओढ दिली की दुसरं फाटू पाहायचं. मग तो शिवलेलं उसवायचा आणि पुन्हा बसायचा. शालूताईंचा फोन आला की म्हणायचा, "होऊन राहिलं ताई... मायले सांगजा."

उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. दवाखान्यातून आल्यावर तो घरी बसेना, म्हणून मुलगा त्याला दुकानात आणून सोडायचा. पुस्तक अर्ध्याच्या पुढं शिवून झालं होतं. एक दिवस डाव्या हातानं त्यानं ते माझ्यापुढं सरकवलं. मी सुई घेतली. कुठं टोचायचं, किती ओढायचं, त्याला सांगता येईना, मला कळेना. मी सुई टेकवली की तो मान हलवायचा, तोंडातून नुसता आवाज निघायचा. शेवटी त्यानं माझ्या हातून सुई काढून घेतली. डाव्या हातानं ती पट्टीत घालायला गेला, ती बाजूला गेली. पुन्हा. पुन्हा... मी रस्त्याकडे पाहत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

त्यानंतर तो यायचा आणि पुस्तकावर हात ठेवून बसायचा. पाऊस लागून धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधीच तो गेला.

तेरवीनंतर शालूताई ऑटोनं मायला घेऊन आल्या. दुसरा कोणी बाइंडर पाहतो, असं मी म्हणालो, पण कोण ते मलाच माहीत नव्हतं. आम्ही ते अर्धं पुस्तक म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. तिनं बोटांनी शिलाई चाचपली.

"कोणं शिवलं गा?"

"वामनभाऊनं," मी म्हणालो.

"बोलवा ना त्याले."

"तो वारला, माय," शालूताई म्हणाल्या.

म्हातारीचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं तिची बोटं पुन्हा शिलाईवर फिरली. "कोणं शिवलं गा?"

या वेळी शालूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे वळलो.

उरलेली पानं मी फडक्यात बांधून दिली. पुस्तकातून वामनचा दोरा लोंबत होता, टोकाला सुई. कात्री घ्यायला गेलो तर शालूताई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ." म्हातारीला टोचू नये म्हणून मी ती सुई पुठ्ठ्याच्या तुकड्यात खोचली, आणि दोरा न तोडता पुस्तक पुन्हा तिच्या हातात दिलं.