मामंजी आले आणि फुगा सुटला

काश्मीरकडे लढाई सुरू झाली त्या साली आमचे हे पलटणीतून सुट्टीवर आले ते मोठं गाठोडं घेऊन. मला वाटलं, लुगडी असतील. निघालं पॅराशूटचं कापड. मोठं महायुद्ध संपल्यावर ते पुण्याच्या बाजारात रद्दीसारखं विकायला आलं होतं. यांनी कुठेतरी गरम हवेचा फुगा पाहिला होता आणि तसाच एक आपल्या यात्रेत उडवायचा असं डोक्यात घेतलं होतं. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडे. लोक तमाशा आणि कुस्त्यांवर खूश होते. फुगा कुणीही मागितला नव्हता.

"मोठ्या लढाईतनं धड आलास, आता यात्रंत मरतोस व्हय?" मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढंच बोलले आणि त्यांनी मुलाशी अबोला धरला. खरं दुखणं वेगळंच होतं. सुट्टी संपली की हे थेट काश्मीरला जाणार होते. मला आणि मामंजींना रात्रंदिवस तोच घोर होता, पण त्यावर बोलायची दोघांचीही छाती नव्हती. फुग्यावर चिडणं सोपं होतं.

शिंप्यानं फुगा शिवला. कापडातून हवा निसटू नये म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावली, घोंगडीला लावतात तीच. फुग्याच्या टाळूला एक झडप होती. दोरी ओढली की ती उघडणार, हवा बाहेर जाणार आणि फुगा खाली येणार. खळ झडपेलाही लागली, उन्हात कडक वाळली आणि झडप जागच्या जागी चिकटून बसली. ते कुणी पाहिलं नाही. सगळं गाव फुगा केवढा झाला हेच बघत होतं.

यात्रेच्या सकाळी गुऱ्हाळाच्या धुराड्यावर फुगा धरला आणि खाली चुलवाणात उसाची चिपाडं कोंबली. फुगा टम्म फुगला. त्याच्या खाली बांबूचा हारा टांगला होता, त्यात हे बसले. फुग्याचा दोर गावातल्या धट्ट्याकट्ट्या गड्यांनी धरला होता. शेजारच्या कडुलिंबाच्या उंचीइतका वर सोडायचा आणि ओढून खाली घ्यायचा, एवढाच बेत होता.

तेवढ्यात मामंजी आले. ते हा प्रकार थांबवायलाच आले होते, काठीसकट. पण आमच्याकडे वडीलधारं माणूस समोर आलं की हातातलं काम टाकून हात जोडायची रीत. सगळ्या गड्यांनी एकदम हात जोडले.

"रामराम, आबा!"

मामंजींनीही सवयीनं काठी काखेत मारली आणि हात जोडले. फुगा गेला.

"आरं, दोर!" कोणीतरी म्हणालं. दोर तोवर लिंबाच्या वर पोचला होता.

वर यांनी झडपेची दोरी ओढली. ती तुटून हातात आली. "झडप उघडंना!" असं ओरडलेलं ऐकू आलं. खालून एकानं उडी मारायचा सल्ला दिला. मामंजी मात्र वर बघत शेतातून धावत सुटले, अनवाणी. हवा थंड होऊन फुगा सावकाश उतरलाही असता, पण शिंप्याची एक शिवण उसवली आणि फुगा भावकीतल्या एकाच्या उभ्या उसात कोसळला.

आम्ही ऊस मोडत आत शिरलो तेव्हा मामंजी मुलाला डोक्यापासून चाचपत होते, बाजारात बैल चाचपतात तसे. हे शुद्धीवर होते आणि शिंप्याला शिव्या घालत होते. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"मोडलाय," मामंजी म्हणाले. "पार मोडलाय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता न्हाई न्हेत ह्याला."

हे ऐकलं आणि यांच्या शिव्या थांबल्या. "आबा, मला जायाला पायजे. माज्या पलटणीतली माणसं हायती तितं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"व्हय रं, व्हय," म्हणत मामंजींनी तो पाय अलगद मांडीवर घेतला.

मीही तोंडाला पदर लावून रडत होते. बायकांनी मला धरलं, पाठीवरून हात फिरवला, धीर धर म्हणाल्या. इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही.