चावडीची पायरी चढलो तेव्हा

माझ्या विमलला देवी आली तेव्हा आम्हाला धम्म स्वीकारून सात-आठ वर्षं झाली होती, आणि खरं सांगते, त्या आठवड्यात माझी श्रद्धा पार डळमळली होती. घरातले देव मी माझ्या हातांनी गिरणेत सोडले होते. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मरीआईच्या गाड्यापुढे नाचायचं नाही, असं आमच्या वस्तीनं ठरवलं होतं. गावानं त्याचा राग धरला होता, तरी आम्ही कोणी मागे हटलो नव्हतो. पण आठ वर्षांची पोर तापानं फणफणलेली, तोंडभर फोड, डोळे चिकटलेले, घोटभर पाणीही गिळवत नाही, असं समोर दिसत असलं म्हणजे ठराव आठवत नाही. नवरा रेल्वेच्या गँगवर भुसावळकडे होता. घरात मी, सासूबाई आणि दोन पोरी. धाकटी सुशी तीन वर्षांची.

"तू देव बुडायात," सासूबाई म्हणाल्या, "आते देवी पोर मांगी राहिनी. जाय, पाया पड तिन्हा."

देवीच्या दुखण्यात औषध द्यायचं नाही, दिलं तर ती कोपते, अशी गावची समजूत होती. मी दोन दिवस सासूबाईंचं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना नारळ आणि हिरवा खण पदराखाली लपवला, विमलला पाठुंगळी घेतलं आणि शिवेवरच्या मरीआईच्या ठाण्याकडे निघाले. वस्तीतलं कोणी पाहील म्हणून पांदीनं गेले. ज्या बाबासाहेबांमुळे आम्ही माणसात आलो, त्यांची तसबीर घरात भिंतीवर होती. निघताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

ठाण्यापाशी एक म्हातारी झाडत होती. तिला मी ओळखत नव्हते. मागून कळलं, ती नांद्राकडची, झाडलोट करायला नुकतीच येऊन राहिली होती. मी पोरीला दगडापुढे निजवलं, नारळ ठेवला आणि डोकं टेकलं. काय मागावं तेच सुचेना. म्हातारीनं झाडू खाली ठेवला, जवळ येऊन विमलच्या तोंडावरचं फडकं वर केलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

"आठे काबर बसनी, माय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, इथे बसले ती आईपुढे पोर आणली म्हणून.

"मन्ही चार लेकरे देवीमाच गयात. मीबी अशीच नारय ठेयेल व्हतं. एकबी उठनं नही." तिनं माझा नारळ उचलून माझ्याच ओटीत टाकला. "पोरले दवाखानामा लई जाय. आतेच."

त्या क्षणी मला काय झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. देवीच्या दारात, देवीचं अंगण झाडणाऱ्या बाईच्या तोंडून मला हे ऐकायला मिळालं. मी उठले. गाडी कोणी देणार नव्हतं, देवी आलेल्या पोरीला एस.टी.त घेणार नव्हते. पाचोरा दीड कोस. म्हातारी माझ्याबरोबर चालू लागली. मी थकले की ती विमलला घेई, ती थकली की मी. वाटेत एका विहिरीवर तिनं पदर भिजवून पोरीच्या ओठांवर थेंब थेंब पिळला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा विमलनं घोट गिळला.

सरकारी दवाखान्यात देवीच्या रोग्यांसाठी मागे वेगळी खोली होती. डॉक्टर तापट होते. "आधी का टोचून घेतलं नाही?" म्हणून ओरडले. मी सांगितलं, टोचणारे दरसाल चावडीवर येतात, पण आमच्या पोरांना ओट्यावर चढू देत नाहीत. गावाचं झालं की बघू म्हणतात, आणि आमची पाळी येईपर्यंत लस संपते.  डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांना चार दिवसांत लस मिळाली पाहिजे. नाहीतर ही एकटी राहणार नाही." त्यांनी मला तिथेच टोचलं, माझं लुगडं उकळून घेतलं, आणि टोचणारा माणूस परवा गावात येईल असं सांगितलं. विमलजवळ बसायला मी सासूबाईंना निरोप धाडला. त्या येतील की नाही याची मला खात्री नव्हती. आल्या, आणि नातीजवळ बसल्या त्या बसल्याच.

त्या दोन दिवसांत मी वस्तीतल्या घरोघर फिरले. बाया घाबरलेल्या होत्या. गावाशी आणखी वैर नको, असं पुरुष म्हणत होते. मी एकच विचारलं, "बाबांची जयंती आपण कशाला करतो? हार घालायला?" टोचणारा यायच्या दिवशी जयंती नव्हती, काहीच नव्हतं. तरी मी भिंतीवरची तसबीर काढली, छातीशी धरली, सुशीचा हात धरला आणि मुख्य गल्लीनं चालू लागले. आधी मागे तीन बाया होत्या. मारुतीच्या पारापर्यंत सगळी वस्ती आली, प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर बोटाला पोर.

चावडीच्या ओट्यावर गावातल्या बाया मुलांना घेऊन बसल्या होत्या. टोचणारा धुळ्याकडचा तरुण माणूस होता, पेटी उघडून बसलेला. आम्ही पायऱ्या चढलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझे पाय खाली वळले नाहीत.

पाटील उठून उभे राहिले. "खाले उतर! तुन्हा घरमा देवी शे, गावले मारशी का? पहिले बठ्ठा गावना पोरे, मंग तुम्हना."

"आम्हना पोरेबी याच गावना शेतस, आबा," मी म्हटलं. "आज उतरस नही."

आणि खाली बसले. मागच्या सगळ्या बसल्या. ओटा भरून गेला. टोचणारा चाचरत म्हणाला, "बाई, मी संध्याकाळी तुमच्या वस्तीत येतो." मी त्याला सांगितलं, "गेल्या साली असंच म्हणाले होते. कोणी आलं नाही. माझी थोरली आता दवाखान्यात आहे." कोतवाल काठी घेऊन पायरीशी आला. कोणी हललं नाही. कोणीतरी हलक्या आवाजात 'बुद्धं शरणं गच्छामि', आमचं त्रिशरण, म्हणू लागलं, मग सगळ्याच म्हणू लागल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींच्या मध्ये एक विलक्षण शांतता होती. पोरीचं काय होईल ते माझ्या हाती नव्हतं. इथून न उठणं तेवढं माझ्या हाती होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाटलांच्याच भावकीतली एक सून, मांडीवर तान्हं घेऊन बसलेली, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आबा, तिन्ही थोरली पोर देवीमा पडेल शे. त्यासना पोरेसले पहिले टोचू द्या. रोग काय घर पाहीसन येस का?"

ती सरकून माझ्या शेजारी आली. तिच्या तान्ह्याचा पाय सुशीच्या मांडीला लागला. तिनं तो काढून घेतला नाही. पाटील तोंड फिरवून निघून गेले. टोचणाऱ्यानं कोणाकडे न पाहता सुशीचा दंड हातात घेतला.

वस्तीतलं एकही पोर त्या साथीत गेलं नाही. विमल वाचली. तिच्या चेहऱ्यावर वण राहिले आणि डाव्या डोळ्यानं तिला अंधुक दिसतं. आरशासमोर ती उभी राहिली की अजून मी नजर वळवते. ठाण्यावरच्या म्हातारीला भेटायला गेले, तिचे पाय धरले. तिनं एवढंच विचारलं, "जगनी ना पोर?" मी हो म्हटलं, तेव्हा ती दगडाकडे पाठ करून बराच वेळ रडली.

तो चमत्कार होता का, हे मी ठरवत बसत नाही. त्या पहाटे ती तिथे होती, आणि त्या दुपारी ती सून माझ्याकडे सरकली. दोघींना कोणी पाठवलं, मला माहीत नाही. मी त्यांची ऋणी आहे. आमच्या वस्तीत तेव्हापासून रीत पडली आहे. जयंतीच्या आधी बाया घरोघर जाऊन, कोणतं पोर टोचायचं राहिलं ते पाहतात, सगळ्यांना घेऊन चावडीवर जातात, आणि मगच तसबिरीला हार चढतो. मी रोज वंदनेला बसते. पूर्वी 'शरण' म्हणताना माझी मान आपोआप खाली जायची, दारात उभं राहून मागायची सवयच होती ती. आता जात नाही. मी ताठ बसून शरण जाते.