फोटोत न दिसणारी टाळू

‘तू नुसती हस. बोलू नको.’

स्टेजच्या पायरीवर कार्यकर्ता मला म्हणाला. हळू नाही म्हणाला. माझ्या आईसमोर, हार धरून उभ्या असलेल्या पोरांसमोर म्हणाला. आईने मान हलवली. मीही हलवली. दरवर्षी हेच करत आले होते.

आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोफत शिबिर असतं. फाटलेले ओठ शिवायचं. बाहेरून डॉक्टर येतात, लेकरं तपासतात. मंगल कार्यालयात चहा, सत्कार, भाषणं. आणि स्टेजवर आम्ही, आधी शिवून झालेले. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागतो. डावीकडे फाटक्या ओठाची लहान पोर, उजवीकडे आत्ताची मी. ओठ छान बसलाय, खोटं कशाला बोलू. एक बारीक रेघ दिसते, बस.

पण माझी तोंडातली टाळूही फाटलेली होती. ती राहिली. ‘पुढच्या वेळी करू,’ म्हणाले होते. पुढच्या वेळी डॉक्टर दुसरे आले आणि कार्यकर्ता त्यांना म्हणाला, ‘हिचं झालंय, नवीन घ्या.’ टाळू फोटोत दिसत नाही. मग तिचं कुणाला पडलंय?

अजूनही पाणी प्यायले की नाकात येतं. शब्द नाकातूनच निघतात. शाळेत धडा वाचायची पाळी आली की बाई माझ्यावरून नजर पुढे न्यायच्या आणि म्हणायच्या, ‘पुढची.’ पोरी गेंगाणी म्हणायच्या. आता साडीच्या दुकानात काम करते. आतल्या खोलीत, घड्या घालायचं. गिऱ्हाइकाला तुझं बोलणं कळत नाही, असं मालक म्हणतो. लक्ष दिलं तर कळतं. कुणाला थांबायचं नसतं.

आईला मात्र समाधान आहे आणि ते खरं आहे. मी झाले तेव्हा घरच्यांनी तिलाच दोषी धरलं होतं. ‘गिरानात इळी हातात घेतली असंल.’ पोटुशीने ग्रहणात विळीवर काही चिरलं की पोराचा ओठ फाटतो म्हणतात. ओठ शिवला आणि त्यांची तोंडं बंद झाली. म्हणून ती शिबिराला देवळात जावं तशी जाते. तिच्यावर मला कधी चिडता आलं नाही. थकले, एवढंच.

यंदा साहेबांनी, म्हणजे त्या पुढाऱ्याने, माईकवर विचारलं, ‘काय ताई, समाधानी ना?’ मी हसले. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई उठली. कडेवर तान्ही पोर, ओठ फाटलेला.

‘सायेब, ही पोरगी बोलती का नीट?’

कार्यकर्त्याने माईक ओढला. ‘बोलती की. लई गोड बोलती.’

रागही आला नाही मला. नुसता शीण आला, माझ्या जागी दुसऱ्याच कुणीतरी बोलत राहण्याचा. पण ती बाई माझ्याकडेच बघत होती. तिच्या लेकीचं सगळं व्हायचं होतं अजून.

मी माईक मागितला. ‘बस खाली,’ तो म्हणाला. मी स्टेजच्या कडेला गेले आणि तशीच बोलले.

‘माय, माझा ओठ शिवला, टाळू शिवली न्हाई. लेकीची टाळू बघायला लाव. ती शिवल्याबिगर, बोलायला शिकवल्याबिगर ह्यांना सोडू नको.’

मागे पोरं हसली. बाई हसली नाही.

‘कळलं न्हाई, बाई. फिरून सांग.’

मी फिरून सांगितलं. तरी कळलं नाही. मग खाली उतरून तिच्याजवळ बसले, तोंड उघडून टाळूचं भोक दाखवलं. तिला कळलं. तिने तिथेच लेकीच्या तोंडात बोट घातलं आणि डॉक्टर बसले होते तिकडे निघाली.

घरी येताना आई म्हणाली, ‘आता बोलवायचे न्हाईत तुला.’

नका बोलवू. फ्लेक्स उतरवा म्हणून मी कार्यकर्त्याला सांगून आले आहे. माझी टाळू अजून शिवता येते, असं त्याच दिवशी त्या बाईमागून जाऊन विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. ती मी शिवून घेणार. आणि पुढच्या शिबिराला न बोलावता जाणार. स्टेजवर नाही, दारात. आत जाणाऱ्या एकेका आईला अडवून सांगणार. माझा आवाज सुधारायचा तेव्हा सुधारेल. तोवर सगळ्यांना हाच ऐकावा लागेल.