चिंचेखालची पंगत
लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. मी धुळ्याची, वडील कचेरीत कारकून. सासर चोपड्याकडच्या खेड्यातलं, केळी-कपाशीचं. त्या हिवाळ्यात नणंदेचं लग्न पक्कं करायला शिंदखेड्याचे पाहुणे यायचे होते. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मळ्यात भरताचं जेवण द्यायचं ठरवलं.

"मांडणी सूनबाई करी," ते सासूबाईंना म्हणाले. "ती शाळामा बठ्ठं शिकेल शे."

मी काही शिकले नव्हते. गृहशास्त्राच्या तासाला स्वयंपाकघराचा एक नकाशा काढला होता, तेवढाच. पण नाही म्हणायची भीती वाटली. वहीच्या पानावर पेन्सिलीने मळा काढला. पंगत चिंचेच्या सावलीत. चुली आणि वांगी भाजायची जागा चिंचेच्या दक्षिणेला, कारण सकाळचा वारा उत्तरेकडून यायचा आणि धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणार नव्हता. पाण्याचे हंडे, पानं, भाजलेली वांगी कुटायची लाकडी बडगी, सगळ्याला जागा नेमून दिली.

सासूबाईंनी कागद पाहिला नाही, मळ्यात येऊन जागाच पाहिली. "सावली शे, पन पानी कोठे शे?" त्या म्हणाल्या. त्यांच्या मते विहिरीजवळचा मोकळा तुकडा बरा होता.

"तिथे ऊन लागेल, आई," मी म्हणाले. जागा माझी ठरली.

पाहुणे सात जण आले. त्यांत मुलाचे आजोबा होते. त्यांना सगळे नाना म्हणत. एका पायाने अधू, काठीशिवाय उठता येत नसे. जाजम अंथरून त्यांना खोडाला टेकवून बसवलं. सासूबाईंनी कपाशीच्या काड्यांवर वांगी टाकली. तोवर वारा पडला होता. धूर कुणाच्याच डोळ्यांत गेला नाही, सरळ वर चिंचेच्या फांद्यांत शिरला. मला बरंच वाटलं. वर काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

आधी घुमल्यासारखा आवाज आला. मग कुणीतरी ओरडलं, "आग्या! आग्या!"

शेंड्याजवळच्या दाट पानांआड मोहोळ होतं. माश्या अक्षरशः ओतल्यासारख्या खाली आल्या. एक माझ्या कानामागे डसली आणि मी पळाले. पदर डोक्यावर ओढून केळीत घुसले, आत, आणखी आत, आणि बुंध्यांच्या मधे पालथी पडले. पाहुणे, आबा, माझा नवरा, सगळे जिकडे वाट फुटेल तिकडे धावताना ऐकू येत होते. नानांची हाक आली. एकदा, दोनदा. मी उठले नाही.

आवाज थांबले तेव्हा मान उचलून पाहिलं. चिंचेखाली जाजमाचा एक ढीग दिसला, त्यावर माश्या बसलेल्या. ढीग हलत नव्हता. माणूस मेला, माझ्या नकाशापायी मेला, असंच मी धरून चालले.

माश्या हळूहळू उठून गेल्या. जाजमाखालून आधी सासूबाई निघाल्या. नानांना अंगाखाली घेऊन त्या तिथेच बसून राहिल्या होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत सुजले होते. नानांचे डोळे मिटले होते आणि श्वास घरघरत होता.

त्यांना बैलगाडीत घालून चोपड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. आम्ही दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिलो. मुलाच्या वडिलांनी आबांना विचारलं, "झाडाखाली पंगत मांडायची कल्पना कुणाची?"

लग्न मोडणार, आणि मला उद्याच धुळ्याची गाडी धरायला लावणार. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"जागा मी दाखाडेल व्हती," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांच्या कंपाउंडरने त्यांच्या हातातले काटे काढायला घेतले होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

तिसऱ्या दिवशी नाना उठून बसले. लग्न वैशाखात झालं. तोवर मी रोज धास्तीत होते.

लग्नात नानांनी मला जवळ बोलावलं. त्या दिवशी डोळे सुजल्यामुळे त्यांना अंगावर पडलेलं माणूस दिसलं नव्हतं, फक्त बांगड्या लागल्या होत्या, आणि त्या माझ्याच असं त्यांनी धरलं होतं. "पोरी, तू व्हती म्हनीसन मी वाचनू," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मंडपात माणसं होती. त्या हाताखाली क्षणभर तसंच उभं राहावंसं वाटलं.

"मी नव्हते, नाना," मी म्हणाले. "सासूबाई होत्या."

ते चकित होऊन सासूबाईंना शोधू लागले. मी त्यांना बोटाने दाखवलं. मी कुठे होते हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.